अंडं नेमकं कुठं बिघडलं? कोंबडीच्या पोटातली वाट ओळखायला शिका

एप्रिल संपत आला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडे घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "कोंबडीले काय व्हयनं?" अंडी कमी झाली, कवच पातळ आलं, एखादं नुसतं कातडीचं पडलं. मग कोणी खाद्य बदलतो, कोणी दुकानातून ताकदीचं औषध आणतो, कोणी नजर उतरवतो. पशुवैद्यकाकडे गेलं तर ते आधी विचारतात, "अंडं कसं होतं?" नवख्या माणसाला हा प्रश्न उगाचच वाटतो. पण अंड्याचा प्रत्येक भाग कोंबडीच्या पोटात एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या तासाला तयार होतो. ती वाट एकदा डोळ्यांनी पाहिली की बिघडलेलं अंडं हातात घेऊन निदान कुठल्या टप्प्यावर घोटाळा झाला एवढं तरी सांगता येतं.

ज्यांनी नुकत्याच दहा-वीस कोंबड्या पाळायला घेतल्या आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुस्तकातली आकृती पाहून काम भागत नाही. एक कोंबडी उघडून पाहावी लागते, आणि खानदेशात ते अवघड नाही. घरात कोंबडीच्या मटणाचा बेत ठरतोच.

पहिली पायरी: कोणती कोंबडी उघडायची

आठवडी बाजारात लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, फार्मवरून निघालेल्या म्हाताऱ्या कोंबड्या स्वस्तात मिळतात. नवापूरकडे अंड्यांचे मोठे फार्म असल्यामुळे त्या भागात तर सहज मिळतात. शिकायला हीच कोंबडी घ्या. ती बहुधा अजून अंड्यावर असते, त्यामुळे आतलं सगळं मोठं आणि ठळक दिसतं. देशी कोंबडी खुडूक (अंडी थांबवून उबवायला बसलेली) असताना उघडली तर अंडाशय आकसलेलं असतं, नळी बारीक असते आणि नवख्याला काहीच कळत नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा. तुरा लाल, भरलेला आणि गरम असावा. कोंबडी हातात धरून शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना चाचपा. तिथं दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावत असेल तर ती बंद आहे किंवा अजून तलंग (अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी) आहे.

एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेवा. आपोआप मेलेली किंवा आजारी कोंबडी शिकण्यासाठी उघडायची नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरलाच झाला होता आणि २०२१ मध्येही तो तालुका पुन्हा त्यात सापडला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. धडधाकट, खाण्यासाठी कापलेली कोंबडीच घ्या. मेलेली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि हात लावू नका.

दुसरी पायरी: उघडायचं कसं

पिसं काढून झाली की कोंबडी पाठीवर ठेवा, डोकं तुमच्यापासून लांब, पाय तुमच्याकडे. अशी ठेवली की कोंबडीची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. हे आत्ताच घोकून ठेवा, कारण पुढचं सगळं डाव्या बाजूलाच आहे आणि पहिल्या वेळी सगळे इथंच गोंधळतात.

मांड्या बाहेर दाबून सांधे मोकळे करा. छातीचं हाड जिथं पोटाकडे संपतं तिथं कातडीला आडवी चीर द्या आणि दोन्ही बाजूंनी फासळ्या कात्रीनं कापत वर जा. छातीचं झाकण उचललं जातं. गुदद्वाराकडून चिरायला सुरुवात करू नका. कवच तयार करणारी पिशवी तिथंच मागं असते आणि आत अंडं असलं तर ते फुटून सगळं बरबटतं. दुकानदाराकडून कापून घेणार असाल तर "आतलं सगळं अखंड राहू द्या" असं आधीच सांगा. नाहीतर तो सवयीनं एका हातात सगळं उपसून कलेजी आणि पेटा (खाद्य दळणारी जाड पिशवी) तेवढा बाजूला काढतो.

आता पेटा आणि आतडी अलगद उचलून तुमच्या डाव्या हाताकडे सारा. पाठीच्या कण्याला चिकटून, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी, पिवळे गोळे दिसतील.

तिसरी पायरी: अंडाशय

द्राक्षाच्या घडात काही मणी पिकलेले, काही कच्चे आणि काही नुसते कळीएवढे असावेत तसं हे अंडाशय असतं. मोठे पिवळे गोळे चार ते सहा. त्यांची आकारानं रांग लावा: सर्वांत मोठा तीन-चार सेंटिमीटर, पुढचा त्याहून लहान, पुढचा आणखी लहान. सर्वांत मोठा गोळा आधी सुटणार, त्याच्यामागून दुसरा, साधारण एका दिवसाच्या अंतरानं. म्हणजे पुढच्या चार-पाच दिवसांची अंडी तुमच्यासमोर ओळीनं मांडलेली आहेत. मोठ्यांच्या मागं बारीक पांढरे दाणे भरपूर असतात. अंड्यातून बाहेर येणाऱ्या मादी पिल्लाच्या अंडाशयात बीजपेशी लाखोंच्या घरात असतात. आयुष्यभरात त्यातल्या काही शेच अंडी होतात.

हा पिवळा बलक अंडाशयात तयार होत नाही, तो यकृतात होतो. तिथून रक्तावाटे येऊन गोळ्यात भरतो. शेवटच्या सात ते दहा दिवसांत गोळा झपाट्यानं फुगतो. म्हणूनच कोंबड्यांना एक दिवस पाणी मिळालं नाही तर अंड्यांचा फटका त्याच दिवशी संपत नाही, पुढचे आठ-दहा दिवस तो जाणवत राहतो. अंड्यावरच्या कोंबडीचं यकृतही मोठं आणि जरा फिकट दिसतं. त्याला लगेच आजार समजू नका.

सर्वांत मोठा गोळा हातात धरून उजेडात फिरवा. वर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसेल. त्यात एका जागी वाहिन्या नसलेली पांढुरकी पट्टी असते. गोळा पिकला की आवरण याच पट्टीवर फाटतं आणि बलक रक्त न सांडता बाहेर पडतो. कधी एखादी बारीक वाहिनी पट्टी ओलांडून जाते किंवा आवरण भलतीकडे फाटतं, मग बलकावर रक्ताचा ठिपका येतो. गिऱ्हाईक "आत पिल्लू होतं" म्हणून अंडं परत आणतं ते बहुतेक वेळा हेच. खाताना ठिपका काढून टाकला की झालं.

गोळे टणक, गोल, चकचकीत असतील तर तब्येत चांगली. सुरकुतलेले, तपकिरी, पिचके असतील तर कोंबडीनं अंडी थांबवली होती किंवा आतून काही दुखणं होतं.

उजवीकडे काय आहे तेही पाहा. काहीच सापडणार नाही. गर्भात दोन्ही बाजूंना अंडाशय आणि नळी यांची सुरुवात होते, पण उजवी बाजू वाढत नाही आणि विरत जाते. बहुतेक पक्ष्यांत असंच असतं. शिकारी पक्ष्यांपैकी बऱ्याच जणांत आणि किवीमध्ये मात्र दोन्ही अंडाशयं सापडतात. कोंबडीत उजव्या बाजूला गुदद्वाराजवळ कधी पाण्यानं भरलेली छोटी पिशवी दिसते. ती उजव्या नळीचा उरलेला अवशेष असते. लहान असेल तर तिचा काही त्रास नसतो, गाठ समजून घाबरू नका.

याच उजव्या अवशेषात गावातल्या एका जुन्या भीतीचं उत्तर आहे. कोंबडी आरवायला लागली की अपशकुन समजून तिला कापतात. खरं असं की रोगानं किंवा गाठीनं डावं अंडाशय निकामी झालं की त्यातून येणारं मादीचं संप्रेरक (हार्मोन) थांबतं. मग उजवीकडचा तो अवशेष वाढू शकतो आणि तो बऱ्याचदा वृषणासारखा होतो. तुरा मोठा होतो, पिसं कोंबड्यासारखी येतात, कोंबडी आरवते. घरावर संकट येणार नाही, अंडी मात्र येणार नाहीत.

चौथी पायरी: नळी पूर्ण सोडवा आणि लांब करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नळी पातळ पडद्यांनी पाठीला बांधलेली असते. पडदे कात्रीनं कापत गेलं की ती सुटते. जुन्या वर्तमानपत्रावर सरळ पसरा आणि शिंप्याच्या टेपनं मोजा. अंड्यावरच्या कोंबडीची नळी साठ ते ऐंशी सेंटिमीटर भरते. बंद कोंबडीची याच्या पाव भागाएवढीही नसते. मग लांबीच्या दिशेनं चिरून आतली बाजू उघडा.

पहिला भाग नरसाळ्याचा, सात ते नऊ सेंटिमीटर, पडदा इतका पातळ की आरपार दिसतं. अंडाशयातून सुटलेला बलक हे नरसाळं झेलतं. बलक इथं पंधरा मिनिटं ते अर्धा तास असतो आणि कोंबड्याचे शुक्राणू त्याला याच वेळात गाठतात. पुढं पांढऱ्याचा थर चढला की संधी गेली. नरसाळ्यानं बलक झेलला नाही तर तो पोटात पडतो. एखाद्या वेळी तो विरघळून जातो. वारंवार पडला आणि जंतू लागले तर पोटात पाणी होतं, पोट लोंबतं आणि कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहते. अशी कोंबडी घरगुती उपायानं सहसा बरी होत नाही.

दुसरा भाग सर्वांत लांब, तीस सेंटिमीटरच्या वर. डॉक्टर याला मॅग्नम म्हणतात. आत जाड, पांढऱ्या, उभ्या घड्या असतात. बोट फिरवलं की चिकट लागतं. अंड्याचं पांढरं इथं तीनेक तासांत चढतं. तिसरा अरुंद भाग, इस्थमस, दहा सेंटिमीटरच्या आसपास. मॅग्नम जिथं संपतं तिथं घड्या नसलेली एक फिकट रेघ दिसते, ती हद्द समजा. इथं सव्वा तासात कवचाखालचे दोन्ही पापुद्रे तयार होतात. उकडलेलं अंडं सोलताना जी पातळ कातडी निघते तीच. अंड्याचा आकार टोकदार की गोल, हेही मुख्यतः इथंच ठरतं.

चौथा भाग कवचाची पिशवी. रंग लालसर-तपकिरी, आत पानांसारख्या घड्या. अंडं इथं अठरा ते वीस तास थांबतं. पूर्ण वाटेला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातला बहुतेक वेळ इथला. आधी पांढऱ्यात पाणी शिरतं आणि अंडं फुगतं. मग कवच चढतं. तपकिरी अंडं देणाऱ्या कोंबडीत रंगाचा बराचसा भाग शेवटच्या काही तासांत बसतो.

आपल्याकडच्या आज्या सकाळी कोंबडी काखेत धरून मागून बोटानं चाचपतात आणि सांगतात, "आज हिला अंडं आहे, सोडू नको." त्या जे चाचपतात ती ही पिशवी. सकाळी अंडं घातल्यावर अर्ध्या-एक तासात पुढचा बलक सुटतो आणि दुपारी तो पिशवीत पोचतो. संध्याकाळपर्यंत कवच जेमतेम सुरू झालेलं असतं, त्यामुळे टणक काही लागत नाही. पहाटे लागतं. दुकानदाराकडून पहाटे कापलेली कोंबडी मिळाली तर पिशवीत पूर्ण कवचाचं अंडं सापडण्याची शक्यता जास्त.

शेवटचा भाग योनी. अंड्याला इथं काही मिनिटंच लागतात. अंड्यावर पिशवीतच एक ओलसर पातळ थर चढलेला असतो, तो वाळला की जंतूंना अडवतो. म्हणून उबवायची अंडी धुवायची नसतात. अंडं बाहेर येताना नळीचं टोक बाहेर उलटतं, त्यामुळे विष्ठेचा रस्ता आणि अंड्याचा रस्ता एकाच दारात असूनही अंडं बऱ्यापैकी स्वच्छ पडतं. उलटलेलं टोक परत आत गेलं नाही तर मागून लाल मांस दिसतं आणि बाकीच्या कोंबड्या तिथं टोचतात. दिसताक्षणी तिला वेगळं ठेवा.

कोंबडी रोज अंडं का देत नाही, तेही याच हिशेबात आहे. चक्र चोवीस तासांहून थोडं मोठं, म्हणून अंडं रोज थोडं उशिरा पडतं. बलक सोडणारं संप्रेरक रात्रीच्या ठरावीक वेळातच वाढतं. अंडं सरकत सरकत दुपारवर गेलं की पुढची वेळ चुकते आणि एक दिवस खाडा पडतो. तो आजार नाही.

पातळ कवच आणि आपला मे महिना

कवचाचं वजन पाच-सहा ग्रॅम, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट. त्यात शुद्ध कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम. एवढं कोंबडीला एका रात्रीत घालावं लागतं, आणि रात्री ती खात नाही. मग ते येतं कुठून? काही पेट्यात आणि आतड्यात राहिलेल्या खड्यांतून, काही हाडांतून. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा बनतो. जेवताना मांडीचं हाड फोडाल तेव्हा आत जाळीदार भर दिसली तर ती हीच.

घरच्या कोंबडीला ज्वारी, मक्याचा भरडा आणि उरलीसुरली भाकरी मिळते. त्यात कॅल्शियम नगण्य असतं. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. अगदी बारीक पूड नको, जाडसर खडा पेट्यात रात्रभर हळूहळू विरघळतो. तलंगेला मात्र अंड्यावर येण्याआधी लेयर खाद्य घालू नका. इतकं कॅल्शियम लहान वयात मूत्रपिंडांना झेपत नाही.

एवढं करूनही मे महिन्यात कवच पातळ येतं, कारण भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणाऱ्या कार्बोनेटचा तुटवडा पडतो. वर उन्हात ती खातही कमी. म्हणजे उन्हाळ्यात नुसतं कॅल्शियमचं औषध वाढवून फार हाती लागत नाही. खाद्य पहाटे आणि ऊन कललं की द्या, दुपारी देऊ नका. पाण्याची भांडी सावलीत ठेवा, दुपारी दोनदा तरी पाणी बदला आणि खुराड्यावर ओलं गोणपाट टाका. पाण्यात खायचा सोडा घालायचा असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

पाचवी पायरी: कोंबडा

इथं फार वेळ लागत नाही. कोंबडा त्याच पद्धतीनं उघडा. मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक फिकट पिवळसर वृषण दिसेल. भरात असलेल्या कोंबड्यात ती तीन ते पाच सेंटिमीटर लांब असतात. ती पोटातच राहतात, म्हणजे ४१ अंशांच्या आसपासच्या तापमानातच शुक्राणू तयार होतात. त्यांच्यापासून मागं जाणारी वेडीवाकडी पांढरी नळी दिसली तर ती शुक्राणूंची वाट. कोंबड्याला बदकासारखं लिंग नसतं. दोघांची मागची दारं क्षणभर एकमेकांना टेकतात, तेवढंच.

कामाची गोष्ट ही: कोंबडीच्या नळीत, कवचाची पिशवी आणि योनी यांच्या सांध्यावर, सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत शुक्राणू साठून राहतात. एकदा कोंबडा लागला की सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. कडकनाथची शुद्ध पिल्लं हवी म्हणून गावठी कोंबडा काढून कडकनाथ सोडला, तर निदान तीन आठवडे त्या कोंबड्यांची अंडी उबवायला ठेवू नका. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. कडक उन्हाळ्यात कोंबडे मंदावतात आणि वांझ अंड्यांचं प्रमाण वाढतं.

सहावी पायरी: अंड्यातलं पिल्लू, नर की मादी

सशाच्या किंवा गाईच्या बाबतीत लिंग बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्याची दोन्ही लिंगगुणसूत्रं सारखी, झेड आणि झेड. कोंबडीची वेगळी, झेड आणि डब्ल्यू. बलकात कोणतं गुणसूत्र राहणार हे तो अंडाशयातून सुटण्याच्या आसपासच ठरतं, नळीत शिरण्याआधी. आता इस्थमस आठवा. अंड्याचा आकार त्यानंतर काही तासांनी ठरतो. मग लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते ही बाजारातली खात्री कशी टिकणार? अंड्यावर सुईदोऱ्याचा लंबक धरून नर-मादी सांगतात, त्याचीही तीच गत.

फलित अंडं ओळखायला बशीत फोडा. बलकावर पांढरा ठिपका असतोच. वांझ अंड्यात तो लहान, भरीव, वाकड्या कडांचा. फलित अंड्यात तो तीन-चार मिलिमीटरचा, कडेला गोल कडी असलेला. अंडं पडतं तेव्हाच त्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात, कारण वाढ आईच्या पोटात सुरू झालेली असते. बाहेर थंड झालं की ती थांबते. साधारण २० अंशांच्या वर मात्र ती पुन्हा हळूहळू सुरू होते. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात अर्धवट वाढ होऊन गर्भ मरतो आणि आपण खुडूक कोंबडीला दोष देतो. उबवायची अंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, रुंद टोक वर करून ठेवा आणि आठवड्याच्या आत कोंबडीखाली घाला.

पिल्लाला २१ दिवस लागतात. हृदय दुसऱ्या दिवशी धडधडायला लागतं. सातव्या दिवशी बूटाच्या खोक्याला भोक पाडून आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंधारात अंडं भोकावर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, नुसतं पिवळट दिसलं तर वांझ. वांझ काढून टाका.

प्रजननाच्या अवयवांची वाढ टॉर्चनं दिसत नाही, पण क्रम जाणून घ्या. पुढं अंडी किंवा शुक्राणू होणाऱ्या मूळ पेशी सुरुवातीला गर्भाच्या शरीरात नसतातच. त्या डोक्याच्या पुढच्या बाजूला, बाहेर जमतात आणि मग रक्तातून प्रवास करत तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आपल्या जागी पोचतात. डाव्या बाजूला त्या जास्त जातात. सहाव्या दिवसापर्यंत नर आणि मादी सारखेच दिसतात. त्यानंतर मादीत स्त्रीसंप्रेरक तयार होऊ लागतं, डावी बाजू वाढते, उजवी मागं पडते. अंडनलिकाही सुरुवातीला सर्वांत दोन असतात. नरात दोन्ही विरतात, मादीत फक्त उजवी.

पिल्लू बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी मागचं दार उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची कला जपानी संशोधकांनी बसवली आणि १९३० च्या दशकात ती जगभर गेली. ती हातात बसायला मोठा सराव लागतो, आणि नवख्यानं दाबलं तर पिल्लू मरतं. तुम्ही पाच-सहा आठवडे थांबा, तुऱ्याचा रंग आणि वाढ बोलते. तीन महिन्यांच्या सुमारास मानेवरची आणि कमरेवरची पिसं टोकदार, चकचकीत आली की कोंबडा नक्की.

सातवी पायरी: तलंग अंड्यावर कधी येते

फार्मवरची लेयर जात साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. गावठी कोंबडी सहा महिने तरी घेते. शिकायला तलंग उघडली तर नळी काडीएवढी दिसेल आणि मागच्या दाराच्या वरच्या बाजूला एक छोटी पिशवी असेल. ती प्रतिकारशक्तीची आहे, प्रजननाची नाही, आणि वयात येताना आकसते.

सगळं मार्गी लावणारी कळ म्हणजे उजेड. पक्ष्याच्या मेंदूला उजेड डोळ्यांशिवायही कळतो, कवटीतून आत जाणारा प्रकाश पुरतो. फ्रान्सच्या जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर हे दाखवलं होतं. दिवस मोठा झाला की मेंदूकडून संप्रेरकांचा निरोप जातो आणि अंडाशय फुलतं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांहून थोडा कमी. हिवाळ्यात अंडी घटतात त्याचं एक मोठं कारण हेच. पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांना पहाटे बल्ब लावून एकूण चौदा ते सोळा तास उजेड द्या. संध्याकाळी लावू नका, कारण वीज गेली की कोंबड्या एकदम अंधारात सापडतात आणि फांदीवर चढायच्या राहतात. आणि वेळ रोज तीच ठेवा. अंग न भरलेल्या तलंगेला जास्त उजेड दिला तर ती लवकर अंड्यावर येते, पण मोठं अंडं झेपत नाही आणि मागून मांस बाहेर येतं.

आठवी पायरी: बिघडलेलं अंडं वाचणं

दोन बलकांचं अंडं: दोन गोळे एकदम सुटले. नव्या तलंगेत हे नेहमीचं. सुपारीएवढं, बलक नसलेलं अंडं: नळीत एखादा कण शिरला आणि मॅग्नमनं त्यालाच बलक समजून गुंडाळलं. एखादं असेल तर सोडून द्या.

पांढरं पाण्यासारखं पसरतंय? अंडं ताजं असेल तर मॅग्नमकडे पाहा. वय झालेली कोंबडी किंवा श्वसनाचा आजार, इन्फेक्शस ब्राँकायटिस. त्याच रोगात कवच सुरकुततं, खरखरीत होतं. हा रोग पिल्लाच्या वयात झाला तर नळी कायमची अधू राहते. अशी कोंबडी लाल तुरा मिरवते, घरट्यात बसते, आणि अंडं कधीच देत नाही. तिला कितीही खाऊ घाला, उपयोग नाही.

कातडीचं अंडं: पिशवीतून वेळेआधी बाहेर आलं. रात्री कुत्रं किंवा मुंगूस खुराड्याभोवती फिरलं का ते आधी विचारा, मग कॅल्शियमकडे वळा. सगळ्याच कोंबड्यांत एकदम पातळ, रंग उडालेली अंडी सुरू झाली आणि कोंबड्या मात्र ठणठणीत दिसतात, तर एग ड्रॉप सिंड्रोम या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. मान वाकडी, हिरवी हगवण, पटापट मरतूक असेल तर राणीखेत रोग किंवा त्याहून वाईट काही, थेट दवाखाना गाठा.

कोंबडी घरट्यात कण्हते, जोर लावते, शेपटी वरखाली होते, अंडं येत नाही: अडकलं आहे. कोमट पाण्यात मागचा भाग बुडवून अर्धा तास शांत, अंधाऱ्या जागी ठेवा, दाराला थोडं खोबरेल लावा. पोट दाबून अंडं फोडायचं नाही, कवचाचे तुकडे नळी कापतात. दोन-तीन तासांत सुटलं नाही तर डॉक्टर.

दवाखान्यात जाताना कोंबडीबरोबर मागच्या तीन-चार दिवसांची अंडी न धुता, न फोडता घेऊन जा. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहा, एका कागदावर खाद्य काय, लसी कोणत्या आणि कधी दिल्या, दुपारी ऊन किती लागतं, बल्ब किती वेळ असतो ते लिहून द्या.